श्रावण पाळला म्हणजे व्यसन नाही? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आषाढ संपत आला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जो श्रावणभर दारूला शिवत नाही तो व्यसनी नाही. मनावर घेतलं की सुटते. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणं म्हणजे अब्रू घालवणं, शिवाय तिथे पैसे उकळतात आणि ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावतात. त्यापेक्षा बायकोने जेवणातून गुपचूप पावडर द्यावी. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण यावर विसंबून घरं आणखी खचतात, म्हणून हे लिहिते आहे.

श्रावणाचं आधी. श्रद्धेने महिनाभर दारू बंद ठेवणाऱ्याबद्दल मला आदर आहे, आणि माळ घालून कायमची सोडलेली माणसं तर पंढरपूरच्या या जिल्ह्यात गावोगाव आहेत. पण बंद केलेली बंद राहते का, आणि पहिल्या घोटानंतर हात आवरतो का, हे पाहायचं असतं. महिनाभर दिवस मोजून पोळ्याच्या रात्री सगळी कसर भरून काढणारा माणूस व्यसनातून सुटलेला नाही.

‘मनावर घेतलं की सुटते’ हे तर जिवावर बेतू शकतं. सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणारा माणूस गटारीनंतर एकदम बंद करतो, तेव्हा काही तासांतच घाम, उलट्या, थरकाप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं आणि किडे दिसतात. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं, आणि देवऋषी शोधायला निघतात. उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. रोज भरपूर पिणाऱ्याने आधी सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावं, औषधाखाली सोडावी, आणि मग मीटिंग धरावी.

आता अब्रू. पगाराच्या दिवशी कारखान्यातून सुटलेला नवरा कुठे पडला होता हे गल्लीला आधीच ठाऊक असतं. उचलून आणणारेही गल्लीतलेच. उलट अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, तुमचं आडनाव विचारत नाही, ओळखपत्र मागत नाही. बंद मीटिंगला फक्त ज्यांना पिणं सोडायचंय तेच बसतात. खुल्या मीटिंगला घरचेही येऊ शकतात. शाळेचा एखादा वर्ग, नाहीतर भाड्याची खोली, खुर्च्या, चहा. एक जण पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि स्वतःची हकिगत सांगतो: मुलीच्या फीचे पैसे कुठे गेले, बायकोने विड्या वळून साठवलेले कसे चोरले, कुणाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली. मध्ये कुणी बोलत नाही. नवीन आलेल्याने बोललंच पाहिजे असंही नाही. इतक्या खालच्या थराला आपण एकटेच गेलो असं मानणाऱ्याला तिथे दुसऱ्याच्या तोंडून आपलीच गोष्ट ऐकू येते. घरच्यांच्या शिव्यांनी आणि रडण्याने जे होत नाही ते इथे होतं, ते माझ्या मते यामुळेच.

पैशांचं म्हणाल तर फी नाही. खोलीभाडं आणि चहापाण्यासाठी सदस्य स्वखुशीने टाकतील तेवढंच. बाहेरची देणगी एए घेतच नाही.

प्रार्थनेच्या आरोपात थोडं तथ्य आहे. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून हे सुरू झालं, त्यावर तिथल्या ख्रिस्ती वातावरणाची छाप होती. पण दारूपासून दूर राहण्यासाठी एए ज्या बारा पायऱ्या सांगते, त्यांतला देव ‘ज्याला जसा समजला तसा’ आहे. सिद्धरामेश्वर म्हणा, विठ्ठल म्हणा, अल्ला म्हणा. सदस्य व्हायची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा.

पावडरीचा सल्ला मला सगळ्यांत भयंकर वाटतो. तिच्यात काय आहे हे बायकोला ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल, तर वरून दारू प्यायल्यावर शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; हृदय अधू असेल तर जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध तपासण्या करून, रुग्णाला सांगूनच देतात.

मीटिंगने खरंच फरक पडतो का? उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसं होती. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि एएकडे नीट वळवणारं समुपदेशन इतर पद्धतींच्या तोडीचं, काही बाबतींत सरस ठरलं. सगळ्यांना ते मानवतंच असं नाही. पहिली मीटिंग पटली नाही तर दुसऱ्या ग्रुपला जाऊन बघा.

पत्ता कुठे मिळेल? व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 वर, रात्री-अपरात्रीही बोलता येतं, आणि तेलुगू-कन्नडमध्येही, म्हणून पूर्व भागातल्या घरांनी हा नंबर लिहून ठेवावा. एएच्या संकेतस्थळावरही चौकशी करता येते. निघण्यापूर्वी फोन करून वार, वेळ आणि भाषा पक्की करा.

नवरा तयारच नसेल तर बायकोने त्याच्यासाठी थांबू नये. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप 1951 पासून चालतात. तिथे नवऱ्याने सोडली आहे की नाही हे कुणी विचारत नाही, आणि 14446 वर तिला स्वतःसाठीही बोलता येतं.