चालून दाखवा

लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा धातूचा सांगाडा आहे. चालता येतं, पण बसची उंच पायरी आली की दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. अमेरिकेत आल्यावर कित्येक महिने मी तशीच चढत होते. एकदा ड्रायव्हरनेच विचारलं, "रॅम्प टाकू का?" मी ओशाळून म्हटलं, "माझ्याकडे व्हीलचेअर नाही." तर म्हणाला, "मागितला की टाकायचा." नंतर कळलं, नियमच तसा आहे. व्हीलचेअर नसणाऱ्यालाही रॅम्प मागता येतो आणि त्यासाठी कागद दाखवावा लागत नाही.

अर्ध्या तिकिटासाठी मात्र कार्ड लागतं. पैशाची सवलत हवी तर पुरावा द्या, नुसतं बसमध्ये चढायचंय तर चढा. आपल्याकडे या दोन गोष्टींची कायम गल्लत होते.

२०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून गदारोळ झाला. तेव्हापासून घरचा फोन असो की शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, अपंगांचा विषय निघाला की गाडी बोगस दाखल्यांवर येते. सगळ्यांची फेरतपासणी करा म्हणे. खोट्या दाखल्याने आमच्यातल्याच कुणाची तरी जागा जाते, त्यामुळे राग मलाही येतो. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा, त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट. तिथे तपासणी हवीच.

पण दाखल्यासाठी माझी तपासणी कशी झाली ते सांगते. खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिना चढून धापा टाकत पोचले. रांगेतले सगळे बघत असताना डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा." चालले. "बरं चालता की!" तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मनात पहिला विचार आला, थोडं जास्त लंगडायला हवं होतं. त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारचं अपंगत्व मान्य केलं, सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सुगम करणं बंधनकारक केलं. त्या कायद्याखाली केलेल्या एका नियमाने मात्र या सक्तीच्या नुसत्या मार्गदर्शक सूचना करून टाकल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. एवढा मोठा निकाल, पण आमच्या ग्रुपवर त्याची एक ओळ आली नाही. (शब्दाचं म्हणाल तर मी अपंगच म्हणते. दिव्यांग म्हटल्याने पायरी काही खाली येत नाही.)

इथे अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. गरीब अपंगांना मिळणारा एसएसआय नावाचा भत्ता घ्यायचा, तर राहतं घर आणि एक गाडी यांसारखे अपवाद सोडून २,००० डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. भत्ता घेणाऱ्या दोघांनी लग्न केलं, तर दोघांत मिळून ३,०००. संशयाने माणसाला पिळायचं हे तंत्र इथल्या सरकारलाही उत्तम जमतं.

रॅम्पही कुणी आपणहून दिलेला नाही. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये कित्येक अपंग व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले. अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही झाली ती त्यानंतर, २६ जुलैला. त्या पायऱ्यांबद्दल वाचताना मला माझा जिना आठवला. ते चढले ते पुढे कुणाला तशा चढाव्या लागू नयेत म्हणून. मी चढले होते, मला चढता येत नाही हे सिद्ध करायला.

तेव्हा मैत्रिणींनो, फेरतपासणीची मागणी खुशाल करा. पण त्याआधी तपासणीची खोली तळमजल्यावर आणायला सांगा, आणि रांगेपुढे एक पडदा लावायला.