कानात शीळ वाजतेय? कानाडोळा करा!

कुणी सांगितलं की त्याच्या कानात दिवसरात्र ईऽऽऽ असा आवाज येतो, तर आधी आपला कान त्याच्या कानाला लावा आणि चारचौघांत जाहीर करा, "छे, मला तर काहीच ऐकू येत नाही!" गेल्या रविवारी एका लग्नात माझ्यावर हा प्रयोग झालाय. फार बरं वाटतं हो पेशंटला.

मग म्हणा, लक्षच देऊ नकोस. बस, झाली ट्रीटमेंट.

कारण विचारलं तर टेन्शन. टेन्शन म्हटलं की पुढचं काही माहीत असावं लागत नाही, म्हणजे आतल्या कानात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, त्या मोठ्या आवाजाने नाहीतर वयाने मरतात, माणसात परत उगवत नाहीत, मग तिकडून सिग्नल कमी यायला लागला की मेंदू स्वतःच व्हॉल्युम वाढवत बसतो आणि बाहेर नसलेला आवाज आत वाजायला लागतो, ही भानगड कोण ऐकत बसणार!

मळ असेल तर इअरबडने ढकलून पार पडद्यापर्यंत पोचवा.

गोळ्या-इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांपुढे अवाक्षर काढू नका. अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांनीही कान वाजू शकतात, पण आपल्याला काय करायचंय.

आणि कुणी कानात आवाज अडवणारा प्लग घालून आला असेल तर तो उपटा. त्याच लग्नात मी फोमचा प्लग बोटांत वळून बारीक केला, कान वर ओढून आत सरकवला, फुगेपर्यंत बोटाने धरून उभा राहिलो, आणि आमच्या मित्रवर्यांनी तो चिमटीत धरून बाहेर काढला, सगळ्यांना दाखवला, "म्हातारा झाला रे हा!" म्हणून स्वतःच्या खिशात टाकला आणि मला ओढत नेऊन स्पीकरसमोर उभं केलं. कानाला 85 डेसिबलला 8 तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं. आम्ही दीड तास नाचलो. त्या रात्री पंखा बंद केल्यावर माझ्या डोक्यातला आवाज जो काय वाढला तो अजून चालू आहे, या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सोयच नाही त्यात!

अरे, अक्कल आहे का जरा? जे आपल्याला ऐकू येत नाही ते नसतंच का? एकाच कानात वाजत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल तर नीट तपासून घ्या, आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे पळा, तिथे उशीर महागात पडतो. ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढा. बहिरेपण असेल तर श्रवणयंत्राने, नसेल तर मंद आवाज लावून, समुपदेशनाने त्रास कमी होतो, मनाचे खेळ म्हणून हसल्याने नाही. आणि दुसऱ्याच्या कानातल्या वस्तूला हात लावायचा नाही, कळलं?

माझा प्लग अजून त्याच्याच खिशात आहे.