बसायचं गाव, पळवणारे सासरे

सॅन सेबॅस्टियनला जाऊन माणसानं काय करावं, तर बसावं, दुसरं काहीही करू नये, असं माझं ठाम मत आहे आणि घरात ते मला कुणीही विचारलेलं नाही. उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावरचं हे बास्क लोकांचं गाव, त्यांच्या भाषेत डोनोस्तिया. गोल खाडी, तिच्यात ला कोंचाचा बीच, समोर मधोमध सांता क्लारा नावाचं टीचभर बेट, डावीकडं इगेल्दोचा डोंगर, उजवीकडं उर्गुलचा, आणि अख्ख्या किनाऱ्याला पांढरा नक्षीदार कठडा, ज्याला टेकून लोक तासन्‌तास नुसते उभे असतात. कुणी त्यांना काही विचारत नाही. मारिया क्रिस्तिना राणीनं १८९३ मध्ये याच खाडीवर मिरामार राजवाडा बांधून घेतला आणि दर उन्हाळ्यात ती इथं येऊन राहायची. तिच्या मागं आख्ख्या स्पेनचा कारभार होता तरी तिला बसायला वेळ मिळाला, कारण तिच्याबरोबर माझे सासरे नव्हते.

अप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले. साताऱ्याच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं फलाटावर गाडी वेळेपेक्षा जास्त थांबलेली त्यांना बघवत नाही आणि आता रिटायरमेंटनंतर माणूस थांबलेलाही बघवत नाही. माझा मेहुणा तिकडं पोस्टडॉक करतो. त्याला भेटायला म्हणून आम्ही सगळे गेलो, तर तो पहिल्याच सकाळी बॅग पाठीला लावून म्हणाला, "दाजी, मला लॅबला जावं लागतंय, तुम्ही अप्पांना जरा फिरवून आणा." यातला "जरा" हा शब्द मी अजून विसरलेलो नाही. बायको म्हणाली मला ऑफिसचे कॉल आहेत. सुट्टी काढून आलेल्या माणसाला कसले कॉल असतात हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

अप्पांचा हिशोब सरळ आहे. विमानाचं तिकीट अधिक शेंगेन व्हिसा अधिक इन्शुरन्स, भागिले बघितलेली ठिकाणं. जेवढी ठिकाणं जास्त तेवढा एका ठिकाणाचा रेट खाली. हा रेट ते एका डायरीत लिहायचे आणि रात्री झोपताना मला वाचून दाखवायचे, शेअर बाजारवाले दाखवतात तसा. ला कोंचाचा बीच मेहुण्याच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, म्हणून तो यादीत सगळ्यात शेवटी. "तो काय, कधीही होईल. घरचाच आहे."

त्यात जूनचा महिना. तिकडं जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी डिसेंबरचं तिकीट काढायला लावलं असतं. कारण अप्पांचा नियम असा की उजेड आहे तोवर फिरायचं.

पहिली स्वारी फ्रान्सवर. सॅन सेबॅस्टियनहून टोपो नावाची लोकल जाते, टोपो म्हणजे चिचुंद्रीच्या नात्यातला तो जमिनीखाली बोगदे खणणारा प्राणी, आणि गाडी खरोखर निम्मा वेळ बोगद्यातच असते. पाऊण तासाच्या आत ती तुम्हाला बॉर्डरपलीकडं आंदाय गावात नेऊन सोडते. ना गेट, ना शिक्का, ना कुणी पासपोर्ट बघायला. अप्पा थोडे नाराज झाले, शिक्का असता तर डायरीला पुरावा झाला असता. पण देश वाढल्यामुळं रेट एकदम खाली आला म्हणून मूड टिकला.

परत येताना आंदायहून होडीनं बिदासोआ नदीचं मुख ओलांडून ओंदारिबियाला आलो. तिथं कोळ्यांच्या वस्तीतली घरं हिरव्या, निळ्या, लाल लाकडी गॅलऱ्यांची, कुंड्या लटकवलेली, इतकी देखणी की सासूबाई एका बाकावर टेकल्या. अप्पांनी त्यांना उठवलं कारण नदीत वर एक बेट आहे ते बघायचं राहिलं होतं. फेझंट बेट. १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेननं तिथं तह केला आणि आता ते बेट दोघांचं सामाईक. फेब्रुवारी ते जुलै स्पेनकडं, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सकडं. बेटावर जाता येत नाही, लांबून झाडं दिसतात फक्त, म्हणजे बघण्यासारखं खरं तर शून्य. पण अप्पा भारावून उभे राहिले. "जावईबापू, दर सहा महिन्याला बदली. आणि इतक्या वर्षांत एकदाही कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी आणली नाही!" या बेटाची डायरीत दोन ठिकाणं म्हणून नोंद झाली, एक स्पेनचं, एक फ्रान्सचं. मी काही बोललो नाही. तेवढाच रेट कमी.

जेवणाचं सांगतो. हे गाव खाण्यासाठी जगात प्रसिद्ध आहे, जुन्या गावात गल्लोगल्ली बार, काउंटरवर पिंचोंच्या थाळ्या, पावाच्या तुकड्यावर काय काय रचून वर काडी खोचलेली. मी मासे खाणारा माणूस, मला तिथं कोपऱ्यात सोडून सगळे निघून गेले असते तरी माझी तक्रार नव्हती. पण सासूबाई शाकाहारी. "नो मीट" सांगितलं की तिथला माणूस मनापासून मान हलवतो आणि मनापासून टूनाचं सॅलड आणून ठेवतो. मीट नाही म्हणावं तर खरंच नाही. दुसरीकडं भाजीची म्हणून जी डिश आली तिच्यात हॅमचे बारीक तुकडे, ते त्यांच्या दृष्टीनं फोडणीत मोडत असावेत. शेवटी सापडल्या गेर्निकाच्या मिरच्या. छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून वर जाडं मीठ, बाकी काही नाही. सासूबाईंनी प्लेट बघितली, एक मिरची खाल्ली आणि म्हणाल्या, "यासाठी एवढं विमानात बसवलं व्हय?" मग दुसरी प्लेट मागवली. तिखट नव्हत्या एवढंच त्यांचं म्हणणं.

खरा घोळ वेळेचा. दुपारी साडेतीनला किचन बंद, ते रात्री साडेआठशिवाय उघडत नाही. अप्पा आयुष्यभर साडेसातला जेवलेले. साडेसातला आपण पोचतो, वेटर घड्याळ दाखवतो, आणि कुठलाही नॉर्मल माणूस तो तास बसून काढेल की नाही? अप्पा म्हणायचे, "मोकळा तास आहे, तेवढ्यात उर्गुल चढून येऊ." उर्गुल म्हणजे वर किल्ला, किल्ल्यावर येशूचा भलामोठा पुतळा, आणि उतरताना १८१३ ची गोष्ट. नेपोलियनच्या फौजेकडून गाव सोडवायला इंग्रज-पोर्तुगीज सैन्य आलं आणि सोडवता सोडवता त्यांनी गाव लुटून जाळून टाकलं. जी एक गल्ली वाचली तिला आज ३१ ऑगस्ट हे त्या दिवसाचंच नाव आहे. सोडवायला आलेल्या माणसाकडून आपली अशी वाट लागणं मला तेव्हा फार जवळचं वाटलं, उपाशी पोटी तर फारच.

सुमायाला गेलो तो दिवस मला पुढं महागात पडणार होता पण तेव्हा कळलं नाही. सुमायाचे कडे म्हणजे फ्लिश, चुनखडी आणि मऊ मातकट खडकाचे एकावर एक पातळ थर, आडवे साचलेले आणि नंतर जमिनीच्या रेट्यानं उभे झालेले, समुद्रात पार आतपर्यंत करवतीसारखे गेलेले. कोट्यवधी वर्षांचा इतिहास एका किनाऱ्यावर, डायनासोर संपले तो थरसुद्धा त्यात आहे, भूगर्भशास्त्राची मंडळी लांबून लांबून बघायला येतात. पण हे सगळं नीट बघायचं तर ओहोटी लागते, भरतीला निम्मं पाण्याखाली. म्हणजे समुद्राचंही टाइमटेबल! अप्पांनी पर्यटन केंद्रातून भरती-ओहोटीचा छापील तक्ता मिळवला आणि तो हातात आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं. "रोज लेट होतंय, पण ठरवून लेट होतंय. याला शिस्त म्हणतात." डायनासोरचा थर राहिला बाजूला, आम्ही दोन तास समुद्र वेळेवर उतरतोय का ते तपासत उभे होतो. उतरला. अप्पांनी तक्त्यावर टिक केली.

त्याच दिवशी सराउत्स ते गेतारिया समुद्राच्या कडेकडेनं चारेक किलोमीटर पायी, कारण गेतारियाला रेल्वे नाही आणि बसला वेळ होता. गेतारिया हे एल्कानोचं गाव. मॅगेलन वाटेत फिलिपिन्समध्ये मारला गेला, तर उरलेलं जहाज घेऊन १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून आला तो हा माणूस. पुतळे आहेत त्याचे. शेकडो लोक निघाले होते आणि एल्कानोबरोबर त्या जहाजातून परत आले ते अठरा. हे वाचून मी अप्पांकडं अर्थपूर्ण नजरेनं बघितलं. ते म्हणाले, "पण राउंड पूर्ण केला ना?" तिथं चाकोली नावाची आंबटसर पांढरी वाइन मिळते, वेटर बाटली डोक्याच्या उंचीवर धरून खाली ग्लासात धार सोडतो. मला तो ग्लास हातात घेऊन बंदराकडं बघत बसायचं होतं. अप्पा म्हणाले घोट घोट काय करताय, सात दहाची बस आहे.

गास्तेलुगाचेला मेहुणा रविवारी गाडीनं घेऊन गेला. समुद्रात घुसलेला खडक, त्याच्यावर छोटं चर्च, आणि तिथवर जायला दगडी पुलावरून २४१ पायऱ्या. ड्रॅगनवाल्या त्या सिरियलमध्ये दाखवल्यापासून गर्दी इतकी की सीझनला आधी बुकिंग करून जायला लागतं, फुकट असलं तरी. आता फोटोत दिसतात त्या २४१ पायऱ्या. फोटोत दिसत नाही ते म्हणजे पार्किंगपासून आधी अख्खा डोंगर खाली उतरायचा, मग त्या पायऱ्या चढायच्या, मग उतरायच्या आणि मग तोच डोंगर परत चढायचा. जेजुरी निदान वर चढवते आणि मग खाली आणून सोडते, इथं घरी जायची वाटच चढाची. सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही त्यांना गाडीत बसा म्हणालो पण त्या हट्टानं चढल्या. वर चर्चच्या घंटेची दोरी आहे, तीन वेळा वाजवून इच्छा मागायची अशी रीत. सासूबाईंनी पदर खोचून तीनदा वाजवली, डोळे मिटले, बराच वेळ मिटले. मला वाटलं मुलाच्या लग्नाचं असणार.

परतीच्या चढावर, अप्पा पुढं गेल्यावर, मला हळूच म्हणाल्या, "उद्या पाऊस पाड म्हणलं."

आणि पडला हो! पण कसला, तर सिरिमिरी. ही तिकडची खास भुरभुर, थेंब दिसत नाहीत, आवाज येत नाही, छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर तासाभरात बनियनपर्यंत ओले. वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या दुप्पट, पण सगळं असं बारा महिने गाळून गाळून. सासूबाईंनी आनंदानं मटारची पिशवी सोलायला घेतली. अप्पा खिडकीशी गेले, हात बाहेर काढला, आत घेतला, बघितला. "याला पाऊस म्हणत नाहीत," महाबळेश्वराच्या पायथ्याशी नोकरी केलेला माणूस बोलला, "चला, बिल्बाओ करून टाकू."

बिल्बाओची बस तासा-सव्वातासाची, अप्पा पहिल्या सीटवर, ड्रायव्हरच्या गिअरकडं नजर. गुगेनहाइम म्युझियम १९९७ चं, टायटॅनियमचे पत्रे वळवून वळवून बांधलेलं, पावसात त्याचा रंग सारखा बदलत होता आणि मी खरंच गप्प झालो, असं काही मी आजवर बघितलं नव्हतं. दारात फुलांचं बारा मीटर उंच कुत्र्याचं पिल्लू, मागं नदीच्या बाजूला पोटात अंडी घेऊन उभी असलेली प्रचंड कोळीण, म्हणजे भिंतीवर जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या मादीचा पुतळा. सासूबाई कोळिणीच्या पायाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "हिचे आठ पाय आहेत, हिला घेऊन जा फिरायला."

निघायच्या आदल्या दिवशी यादी संपली. ऊन पडलं होतं. अप्पा स्वतःच म्हणाले, चला, आता तुमचा तो बीच, बसा किती बसायचं तितकं. बायकोचे कॉलसुद्धा त्या दिवशी आपोआप रद्द झाले. चटई घेतली, गेर्निकाच्या मिरच्या डब्यात, मी गॉगल लावला, हाफ पँट घातली, साडेतीनला ला कोंचावर. कठड्याशी पोचलो आणि खाली बघितलं तर वाळू नव्हती. म्हणजे होती, भिंतीला लागून एक पट्टी, तिच्यावर अख्खं सॅन सेबॅस्टियन खांद्याला खांदा लावून उभं. बाकी सगळं पाणी. पूर्ण भरती.

अप्पांनी खिशातून घडी घातलेला तक्ता काढला, चष्मा लावला, बोट फिरवलं.

"ओहोटी रात्री साडेनऊला. मधे सहा तास मोकळे आहेत." तक्त्याची घडी परत खिशात गेली. "पासाया राहिलंय. डोंगरावरून पायी अडीच-तीन तास, मग होडीनं पलीकडं, आणि येताना बस. उजेड आहेच की."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी बायकोकडं बघितलं, तिनं फोन कानाला लावला.