गुणी प्राध्यापक व्हा

तासिका तत्त्वावर का होईना, मराठी विभागात चिकटलात, अभिनंदन! आता एक लक्षात ठेवा: गुण विद्यार्थ्याला द्यायचे नसतात, वर्कलोडला द्यायचे असतात. तुमचा हात आखडला तर पोरं पुढच्या वर्षी समाजशास्त्र घेतील. तिकडचे सर कनवाळू आहेत. वर्ग ओस पडला की तास गेले, आणि तास गेले की तुम्ही घरी. ज्ञानेश्वरांना नोकरी टिकवायची नव्हती, तुम्हाला आहे.

अंतर्गत मूल्यमापन ३० गुणांचं असेल तर मोजायला २६ पासूनच सुरुवात करा. वर्षभर तोंड न दाखवणाऱ्याला २६, चुकून वर्गात शिरलेल्याला २८. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, श्रेणींच्या तक्त्यात 'सी' म्हणजे सरासरी अशी एक पायरी आहे म्हणतात. आमच्याकडे त्या पायरीवर कुणी पाय ठेवलेला मी पाहिला नाही.

प्रकल्प उघडून बघू नका. मी एकदा बघितला. विषय संत तुकारामांचे सामाजिक विचार. मुखपृष्ठावर यंदाच्या मुलीचं नाव, आत ऋणनिर्देशात मागच्या वर्षीचा मुलगा स्वतःच्या आईवडिलांचे आभार मानतोय, आणि शैक्षणिक वर्षावर व्हाइटनर. पण काय सुबक लावला होता! कुठे ओघळ नाही, वाळल्यावर वर नवं साल मोत्यासारख्या अक्षरात. २७ दिले.

कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, गेलात की पुरवण्या मोजा. उत्तरात कादंबरीकार हरिभाऊ आपटे दिसले की टिक करा. त्यांना ज्ञानपीठ मिळाल्याचं लिहिलं असेल तरी टिक. हरिभाऊ १९१९ साली गेले, पहिलं ज्ञानपीठ दिलं गेलं १९६५ सालचं. पण पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला तर हे कुणाकुणाला समजावत बसाल? शिवाय ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे.

एम.ए.ला तर ५५ टक्क्यांच्या खाली कुणाला उतरवूच नका. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, बसायला खुल्या प्रवर्गाला तेवढे लागतात. पुढे तिथे सहायक प्राध्यापकपदासाठी परीक्षा देणाऱ्यांतले ६ टक्केच पात्र ठरवतात. कंजूष माणसं! त्याला आपण काय करणार?

बाकी अडलं तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना विचारा. आमच्याच विद्यार्थिनी, नेट व्हायची आहे अजून, पण तासिकेवर घेतलंय. व्हाइटनरही त्यांच्याकडेच मागा.