खाजगी डीएनएसचं सेटिंग चांगलं आहे, त्याच्याबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि मावशीने तिच्या भिशीच्या ग्रुपवरून पुढे ढकललेला. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘फोनच्या सेटिंगमध्ये जा, खाजगी डीएनएस उघडा, खालचा पत्ता टाका. यूट्यूबसकट सगळ्या जाहिराती कायमच्या बंद. रूट करायची गरज नाही. तुम्ही काय बघता ते कोणालाच कळणार नाही. डेटा निम्मा वाचेल. काहीही धोका नाही. हा पत्ता चालला नाही तर दुसरा टाका, कुठलाही चालतो.’

सेटिंग खरं आहे. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ते फोनमध्ये आहे आणि आमच्या घरातल्या सगळ्या फोनवर मीच लावून दिलंय. म्हणूनच हा मेसेज मला जास्त खटकतो. लोक विश्वासाने पत्ता टाकतात, दहा मिनिटांत यूट्यूबवर जाहिरात दिसते, आणि ‘सगळं थोतांड’ म्हणून एक कामाची गोष्ट काढून टाकतात. काही जण त्याहून वाईट करतात, कुणीतरी सांगितलेला भलताच पत्ता टाकून मोकळे होतात. तेव्हा त्यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

आधी ‘सगळ्या जाहिराती’. डीएनएस म्हणजे इंटरनेटची, नाव सांगितलं की नंबर देणारी चौकशी खिडकी. तुम्ही एखादी बातमी उघडली की फोन आधी त्या वर्तमानपत्राच्या सर्व्हरचा नंबर विचारतो. मग पानात दडलेल्या जाहिरातवाल्यांची आणि तुमच्या मागावर राहणाऱ्या कंपन्यांची नावं एकामागून एक विचारतो, उदाहरणार्थ डबलक्लिक डॉट नेट. जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसकडे अशा नावांची मोठी यादी असते. यादीतलं नाव आलं की तो ‘असा पत्ता नाही’ म्हणतो किंवा ०.०.०.० असं कुठेच न जाणारं उत्तर देतो. जाहिरात फोनपर्यंत पोचतच नाही. बातम्यांची पानं, फुकटचे गेम, पंचांगाची आणि रेसिपीची ॲप यांत फरक लगेच जाणवतो, हे मेसेजवाल्यांचं म्हणणं बरोबर.

पण त्या खिडकीला फक्त नाव ऐकू येतं. पानावर काय आहे, नावाच्या पुढे काय मागितलं, यातलं काहीच तिला कळत नाही. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

‘यूट्यूबसकट’ हे म्हणून साफ खोटं आहे. यूट्यूबचा व्हिडिओ गूगलव्हिडिओ डॉट कॉम या नावाखालच्या सर्व्हरवरून येतो आणि त्याच्या आधी लागणारी जाहिरातही तिथूनच येते. नाव अडवलं तर कीर्तनही बंद आणि जाहिरातही बंद. नाव सोडलं तर दोन्ही येणार. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तुमच्या भाचीचा फोटो आणि साडीची जाहिरात एकाच दारातून येतात, तिथेही डीएनएसचा इलाज चालत नाही. ‘माझ्या फोनवर यूट्यूबच्या जाहिराती बंद झाल्या’ असं सांगणारे मला भेटलेत. त्यांच्या शेजारी बसून ॲपमध्ये पाहिलं तेव्हा पहिल्या दोन-तीन व्हिडिओंना जाहिरात लागली नव्हती, चौथ्याला लागली. जाहिरात तशी हे सेटिंग नसतानाही कधीकधी लागत नाही.

यूट्यूब बघायचंच असेल तर ब्राउझरमधून बघा. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकता येतं. ते ब्राउझरच्या आत बसतं, त्यामुळे त्याला नावाच्या पलीकडचं दिसतं: कुठली विनंती कशासाठी गेली, पानावरचा कुठला चौकोन जाहिरातीचा आहे. तो चौकोनही ते पुसून टाकतं, नाहीतर नुसत्या डीएनएसने पानात रिकामी पांढरी खोकी उरतात. यूट्यूबवाले त्यावर सतत उपाय काढत असतात, म्हणून कधी चालतं, कधी चार दिवस अडतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकायची सोय नाही. आयफोनवाल्यांना सफारीत २०१५ पासून, म्हणजे आयओएस ९ पासून, जाहिराती अडवणारी ॲप जोडता येतात. आणि एक्स्टेन्शनचा मला सर्वांत आवडणारा गुण असा की एखादी साइट वगळता येते. ज्या मराठी साइटवर माणसं राबून बातमी आणतात आणि ज्यांची चूल जाहिरातीवरच पेटते, तिथे मी अडवणं बंद ठेवतो. फुकटच्या डीएनएसमध्ये ही निवड बहुतेक वेळा तुमच्या हातात नसते, ज्याची यादी त्याचा निकाल.

‘रूट करायची गरज नाही’ हे वाक्य मात्र खरं, आणि इथे मी मेसेजच्या बाजूने आहे. कारण त्याच ग्रुपवर खाली कुणीतरी उत्तर देतोच की रूटशिवाय खरं ब्लॉकिंग होत नाही. हा समज जुना आहे. पूर्वी फोन रूट करून, म्हणजे कंपनीने बंद ठेवलेल्या आतल्या भागाचा ताबा घेऊन, त्यातली होस्ट्स नावाची फाइल बदलत. त्या फाइलमध्ये काय असायचं? नावांची यादी आणि समोर खोटा नंबर. म्हणजे डीएनएस आज जे बाहेरून करतो तेच ती आतून करायची, आणि यूट्यूबपुढे तीही तितकीच हतबल होती. एवढ्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आतला प्रोग्राम, अनलॉक करायचा, त्यात फोनमधले सगळे फोटो आणि डेटा पुसला जाणार, आणि नंतर बँकेची ॲप ‘हा फोन सुरक्षित नाही’ म्हणून उघडायला नकार देणार. आज ज्याचा भाजीवालाही यूपीआयवर पैसे घेतो त्याने हा उद्योग करू नये.

रूट न करता आणखी एक वाट आहे, फोनमध्येच व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी इंटरनेट वाहतूक आपल्यातून नेणारा बोगदा, उभं करणाऱ्या ॲपची. २०११ च्या अँड्रॉइड ४ पासून ही सोय आहे. नाव व्हीपीएन असलं तरी अशी चांगली ॲप तुमची वाहतूक परदेशी पाठवत नाहीत, फोनच्या आतच नावं गाळतात, आणि कुठल्या ॲपला गाळणी लावायची ते ठरवता येतं. वर किल्लीचं चिन्ह दिसतं. अडचण एकच: एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन लावणाऱ्यांना हे सोडावं लागतं.

आता ‘तुम्ही काय बघता ते कोणालाच कळणार नाही’. खाजगी हा शब्द इथे घोळ करतो. फोन आणि डीएनएस सर्व्हर यांच्यामधलं बोलणं कुलूपबंद होतं, एवढाच त्याचा अर्थ. तुमची मोबाइल कंपनी ती चौकशी वाचू शकत नाही. पण चौकशी झाल्यावर फोन कुठल्या नंबरला गेला हे तिला दिसतंच, आणि बहुतेक वेळा साइटचं नावही दिसतं. आणि ज्याचा पत्ता तुम्ही टाकलात त्याला तुमच्या फोनचा प्रत्येक प्रश्न कळतो: पहाटे कुठलं ॲप जागं झालं, दुपारी कुठल्या बँकेची साइट उघडली, रात्री दोनला कुठल्या आजाराची साइट उघडली. पान वाचता येत नाही, पासवर्ड दिसत नाही, पण साइटचं नाव पुरेसं बोलकं असतं. म्हणजे तुमची चौकशी ऐकणारा माणूस बदलला, ऐकणं थांबलं नाही.

म्हणूनच त्या मेसेजमधलं ‘पत्ता कुठलाही चालतो’ हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

डीएनएस भलत्या हातात गेल्यावर काय होतं याचा एक मोठा दाखला आहे, आणि तो नेमका जाहिरातींचाच आहे. २००७ पासून डीएनएसचेंजर नावाचा एक मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, जगभर पसरला. तो संगणकातला डीएनएसचा पत्ता बदलून आपल्या माणसांच्या सर्व्हरचा टाकायचा, बस. मग लोक एक साइट मागायचे आणि दुसरीकडे पोचायचे, पानावरच्या मूळ जाहिरातींच्या जागी त्या टोळीच्या जाहिराती दिसायच्या. १०० हून जास्त देशांत सुमारे ४० लाख संगणक त्यात सापडले आणि टोळीने किमान १.४ कोटी डॉलर कमावले. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने एस्टोनियातल्या सहा जणांना पकडवलं. पण सर्व्हर एकदम बंद करता येईनात, कारण ते बंद केले असते तर त्या लाखो लोकांचं इंटरनेटच थांबलं असतं. म्हणून त्या जागी स्वच्छ सर्व्हर ठेवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. त्या लोकांच्या संगणकात पत्ता चोरून टाकावा लागला होता. इथे आपण मेसेज वाचून स्वतःच्या बोटांनी टाकतोय.

याला घाबरून उलट टोकाचा मेसेजही फिरवू नका. खोट्या डीएनएसने तुम्हाला बँकेच्या नावाखाली दुसरीकडे नेलं तरी खोट्या साइटकडे बँकेचं प्रमाणपत्र नसतं, ब्राउझर मोठी लाल सूचना देतो. ती सूचना आली की मागे फिरायचं, ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही. पत्ता टाकताना तो कुणाचा आहे हे आधी वाचा, तो चालवणारी संस्था कोण, ती काय साठवते. मी वापरतो तो डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम, सायप्रसमधल्या एका कंपनीचा, जिची धोरणं उघड मांडलेली आहेत. स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. आणि मेसेजमध्ये पत्त्याऐवजी एपीकेची, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची, फाइल असेल तर ती उघडूच नका. वाहतूक चलनाच्या नावाने आलेल्या अशा फाइलींनी महाराष्ट्रात लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

डेटा निम्मा वाचत नाही. बातम्यांची पानं हलकी होतात हे खरं, पण आपला बहुतेक डेटा व्हिडिओत जातो आणि व्हिडिओला हे सेटिंग हात लावत नाही.

‘कायमच्या’ आणि ‘काहीही धोका नाही’ यांचं उत्तर मावशीने दिलं. कराडला तिला हे सेटिंग लावून दिलं आणि महिन्याभराने ती तपासणीसाठी दवाखान्यात बसली असताना तिचा फोन आला. “अरे, इथलं वायफाय जोडलंय, पण काहीच उघडत नाही. तूच काहीतरी करून ठेवलंस ना?” मीच केलं होतं. आपण पत्ता टाकून ठेवला की फोन त्या पत्त्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारतच नाही. त्या वायफायने ८५३ हा पोर्ट, म्हणजे ही कुलूपबंद चौकशी ज्या दारातून जाते ते दार, अडवला असेल तर पूर्ण इंटरनेट ठप्प. तिला म्हटलं, “मावशी, तात्पुरतं तिथे ‘आपोआप’ कर, घरी गेल्यावर परत लाव.” चष्मा पर्समध्ये, सेटिंग बारीक अक्षरात, शेजारच्या मुलीने करून दिलं. गूगलवर वर दिसणाऱ्या प्रायोजित दुव्यांवर बोट ठेवलं की काहीच उघडत नाही, हीसुद्धा याच सेटिंगची करामत, आणि दुसऱ्याच्या फोनवर हे लावताना या दोन्ही गोष्टी त्याला तोंडी सांगायलाच हव्यात. मी मावशीला सांगितल्या नव्हत्या.

तिच्याच फोनवर आणखी एक प्रकार सापडला. सेटिंग लावूनही फोनच्या होम स्क्रीनवर, कुठलंही ॲप उघडलेलं नसताना, पूर्ण पडदाभर जाहिरात यायची. पत्ते बदलून बघितले, उपयोग नाही. मग जाहिरात आल्या आल्या मी चौकोनाचं बटण दाबून अलीकडची ॲप उघडली. जाहिरातीच्या डोक्यावर बॅटरीच्या टॉर्चचं चिन्ह होतं. दोन वर्षांपूर्वी लाइट गेले तेव्हा तिने टॉर्चचं ॲप घेतलं होतं, आणि त्याला ‘इतर ॲपवर दिसण्याची’ परवानगी दिलेली होती. टॉर्च तर फोनमध्ये मुळातच असतो. वरून पट्टी खाली ओढून तिला तो दाखवला, ते ॲप काढून टाकलं, आणि त्या जाहिराती पुन्हा आल्या नाहीत.