दारातले एल्डर आणि आपलं 'सगळे देव एकच'

युटामध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाक्य तोंडपाठ असतं. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावलेली दोन पोरं दारात दिसली की आपण हसून म्हणतो, "आम्ही हिंदू. आमच्यात सगळे देव एकच." पोरंही हसतात, थँक्यू म्हणून पुढच्या घराकडे वळतात आणि आपल्याला आपल्याच उदारपणाचं कौतुक वाटतं. मला हल्ली त्यात उदारपणा फारसा दिसत नाही. समोरच्याचं काही ऐकून न घेता त्याला वाटेला लावायची ती सोय आहे, एवढंच.

ही पोरं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मिशनरी. त्यांच्यातल्या मुलांना 'एल्डर' म्हणतात. (२०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. ते नाव इतकं लांब आहे की मी जुनंच वापरते, राग नसावा.) मी युटातल्या लीहाय गावात राहते. ऑफिसात आजूबाजूला बसणारे कितीतरी जण तरुणपणी मिशनवर जाऊन आलेले आहेत, त्यामुळे त्यांची दिनचर्या मला जेवणाच्या टेबलावर ऐकून ऐकून पाठ झालीय. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. मधे व्यायाम, धर्मग्रंथांचा अभ्यास आणि मग दिवसभर अनोळखी माणसांशी बोलणं. सोबत एक जोडीदार असतो. तो आपण निवडायचा नाही आणि बाथरूम सोडलं तर त्याला नजरेआडही होऊ द्यायचं नाही. कुठल्या देशात जायचं हे चर्च ठरवतं. मुलांची दोन वर्षं, मुलींचं दीड. पगार शून्य. उलट अमेरिकेतल्या मिशनरीने किंवा त्याच्या घरच्यांनी महिन्याला पैसे भरायचे. २०२० मध्ये ते ४०० डॉलरचे ५०० झाले. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आता आठवड्यातून एकदा चालतो. आपल्याकडे पोरगा अठराव्या वर्षी पुण्याला हॉस्टेलवर गेला तरी आई दिवसातून तीनदा विचारते, जेवलास का.

आमच्या टीममधला एकजण तैवानला होता. सायकलवरून गावभर फिरायचा. लोक पाणी द्यायचे, पेरू कापून द्यायचे, धर्माचा विषय निघाला की गोड हसायचे. (ओळखीचं वाटतंय ना?) एका आजोबांनी मात्र त्याला धरून बसवलं आणि विचारलं, "मी तुमच्यात आलो तर माझ्या पूर्वजांना उदबत्ती कोण लावणार?"

या प्रश्नावर इतर बरेच ख्रिस्ती प्रचारक अडखळले असते. मॉर्मनांकडे उत्तर आहे. ते मेलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाला उभं करून मंदिरात बाप्तिस्मा करतात. म्हणूनच त्यांना वंशावळींचं इतकं वेड. जगभरातल्या नोंदी त्यांनी जमवल्यात, अगदी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्मसुद्धा. तर एकोणीस वर्षांच्या या पोराने आजोबांना ते सगळं उत्साहाने सांगितलं. आजोबा म्हणाले, "आणि वडिलांना नको असेल तर?" पोरगा म्हणाला, "तिकडे परलोकात त्यांना नाकारता येतं." आजोबा म्हणाले, "मग नाकारतील. मी ओळखतो त्यांना."

तो ही गोष्ट अजून सांगतो आणि सांगताना हसतो. पण पुढे म्हणतो की त्या दोन वर्षांत त्याच्याशी धर्माबद्दल खरं बोललेला माणूस तो एकच. बाकी सगळे चांगलं वागले.

माझ्या दाराशी हे मिशनरी पहिल्यांदा आले तेव्हा मी एकटी होते, म्हणून आत येईनात. बाईमाणूस घरात एकटं असेल तर आत जायचं नाही असा नियम. नवरा आल्यावर आले. चहा विचारला तर तोही नको. १८३३ मध्ये आलेल्या उपदेशाच्या आधारे त्यांना चहा-कॉफी-दारू-तंबाखू वर्ज्य. चहाच नाही म्हटल्यावर आपल्या पाहुणचाराचा पायाच निखळतो. शेवटी कोकम सरबत दिलं, ते मात्र दोन-दोन ग्लास गेलं.

मग त्यातल्या एकाने देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे बघून विचारलं, "तुम्ही यांच्याशी बोलता? उत्तर मिळतं?" चेष्टा नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आयुष्यभर आरत्या म्हटल्या, मंडळाच्या गणपतीला मोदक वळले, पण हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. आजीने पटकन सांगितलं असतं. मी गप्प.

आता माझी तक्रार. त्यांचं सांगणं असं की त्यांचा ग्रंथ, 'बुक ऑफ मॉर्मन', वाचा, मनापासून देवाला विचारा, खरं असेल तर तो कळवेल. मी म्हटलं, आणि उत्तर 'नाही' आलं तर? त्यांच्यातला एकजण म्हणाला, "मग मी म्हणेन अजून थोडं वाचा." म्हणजे 'हो' आलं की ते देवाचं आणि 'नाही' आलं की अभ्यास कमी. शिवाय घाई फार. थोड्याच भेटींत बाप्तिस्म्याची तारीख विचारतात. आपल्याकडे बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये जाहीर केलं आणि नागपूरला दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मधली २१ वर्षं ते धर्म तपासत होते. धर्म बदलणं ही काय गोष्ट असते हे ज्याला त्यावरून कळलंय, त्याला ही तारखेची घाई पोरकट वाटणारच.

"बाटवायला येतात" अशी कमेंट येणार, म्हणून आधीच सांगते. १८५२ मध्ये ह्यू फिन्डले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरून पुण्याला पोचला होता. एक छोटी शाखा निघाली आणि काही वर्षांत गाशा गुंडाळला गेला. पुणेकरांना काही पटवून देणं किती अवघड हे त्याच्याइतकं कोणाला कळलं नसेल. आणि इकडे युटातल्याच स्पॅनिश फोर्क गावच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला हजारोंनी येऊन रंग उधळणारी पोरं बहुतेक मॉर्मनच असतात. त्यातला कोणी वैष्णव झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. ऐकून घेतल्याने माणूस बाटत नाही हो.

म्हणून मी आता 'सगळे देव एकच' म्हणत नाही. 'मला पटत नाही, बसा, का ते सांगते,' म्हणते. साधारण दर सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्या होतात, त्यामुळे नवी जोडी येते आणि आधीच्यांनी घराची माहिती देऊन ठेवलेली असते: चहा विचारतील, नको म्हणा, सरबत चांगलं असतं, प्रश्न फार विचारतात. येत्या भेटीत मला विचारायचंय की कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळायला १९७८ साल का उजाडावं लागलं. त्यावर ते मला जातीबद्दल विचारणार. विचारू देत.