वैमानिक व्हायचंय? आधी जन्मतारीख बघा

वैमानिक व्हायला काय लागतं असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: गणित, भौतिकशास्त्र, तीक्ष्ण नजर, शांत डोकं आणि जड खिसा. खिशाचं तेवढं खरं आहे. बाकीचं बरंचसं शिकता येतं, आणि जे शिकता येतं त्याला या धंद्यात फार भाव नसतो. भाव असतो तो योग्य साली जन्माला येण्याला. ही अट कुठल्याच फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकात छापलेली नसते, म्हणून इथे सांगून टाकतो.

हिशेब सोपा आहे. कंपन्या भरती करतायत, पगार वाढतायत अशा बातम्या आल्या की तुम्ही कर्ज काढून प्रशिक्षणाला जाता. परवाना हातात पडायला दीड-दोन वर्षं लागतात. तेवढ्यात वारं फिरतं आणि तुम्ही वरातीमागून घोडं घेऊन पोहोचता. 2018 साली बातमी वाचून निघालेले लोक 2020 साली कोरा करकरीत परवाना घेऊन उभे राहिले, आणि त्याच वर्षी जगातली विमानप्रवाशांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा साधारण 60 टक्क्यांनी कोसळली. उलट, विमानं इंजिनांची तोंडं बांधून ओळीने उभी असताना ज्या वेड्यांनी प्रवेश घेतला, ते बाहेर पडेपर्यंत भरती पुन्हा जोरात सुरू झाली होती. मार्च 2023 मध्ये तर डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांनी चार वर्षांत 34 टक्के वाढीचा करार पदरात पाडून घेतला. परवाना तोच, परीक्षा त्याच, डोकंही तेवढंच. फरक फक्त दोन-तीन वर्षांचा. याबाबत आईवडिलांशी तुम्ही वेळेवर बोलायला हवं होतं.

तरीही धीर हवाच असेल तर बोइंगचा अंदाज वाचा. ही कंपनी दरवर्षी सांगते की पुढच्या 20 वर्षांत जगाला सहा लाखांहून अधिक नवे वैमानिक लागतील. विमानं विकणाऱ्याला विमानं उडवणारे कमी पडतील असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फक्त ते सहा लाख 20 वर्षांपैकी नेमके कोणत्या वर्षी लागणार, एवढं विचारू नका. फ्लाइंग स्कूलच्या दारात असे प्रश्न विचारणाऱ्याला निराशावादी म्हणतात.

परवान्यानंतर तास. व्यावसायिक परवाना साधारण 200 तासांच्या उड्डाणावर मिळतो, आणि तो दाखवल्यावर कंपनी म्हणते, अनुभव कुठाय? अनुभव नोकरीने मिळतो आणि नोकरी अनुभवाने, हे कोडं सोडवायचा राजमार्ग म्हणजे प्रशिक्षक होणं. ज्याला अजून नोकरी मिळालेली नाही तो इतरांना नोकरीसाठी तयार करतो, आणि ते तयार झाले की रांगेत त्याच्याच मागे येऊन उभे राहतात. ते जमलं नाही तर पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांना वर नेऊन सोडा, किंवा जाहिरातीचं फडकं ओढत किनाऱ्यावरून फिरा.

अमेरिकेत ही रांग आणखी लांब आहे, आणि तिची कहाणी विनोदी नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, 50 माणसं गेली. चौकशीत वैमानिकांचा थकवा निघाला, सहवैमानिकेचा तुटपुंजा पगार निघाला, रात्रभर दुसऱ्यांच्या विमानांतून प्रवास करून तिचं ड्युटीवर येणं निघालं. 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांची अट लागू झाली. त्या विमानातल्या दोघांचेही तास 1500 च्या पुढेच होते. विश्रांतीचे नियम पुढे कडक झाले हे मान्य. पगाराबद्दल मात्र कायदा काही बोलला नाही.

असो. समजा, मुलाखतीचं बोलावणं आलं.

पहिल्यांदा गटचर्चा असते. सहा उमेदवार, एक टेबल, एक काल्पनिक संकट आणि कोपऱ्यात वह्या घेऊन बसलेले दोघं. नोकऱ्या दोन आहेत हे सहाही जणांना ठाऊक असतं, आणि सहाही जण एकमेकांना मदत करायच्या स्पर्धेत उतरलेले असतात. इथे जिंकायचं असेल तर आतापर्यंत गप्प बसलेल्या माणसाकडे वळून म्हणा, 'तुमचं मत ऐकायला आवडेल.' तो गप्प बसलेला माणूसही हेच वाक्य पाठ करून आलेला असतो. तुम्ही आधी म्हटलंत, एवढंच.

मग 'असा एखादा प्रसंग सांगा' ही माळ. मतभेद झाला असा प्रसंग, चूक झाली असा प्रसंग, नेतृत्व केलं असा प्रसंग. चूक अशी निवडा की ती कबूल करताना तुमची किंमत वाढली पाहिजे. 'माझ्या हातून चेकलिस्टची एक ओळ सुटली, मी ती स्वतःच पकडली आणि सगळ्यांना सांगितलं' ही चूक उत्तम. इंधन संपत आलं होतं, ही चूक उत्तम नव्हे, मग प्रसंग कितीही रंगतदार असो.

एक प्रश्न मात्र हमखास येतो आणि तो विचारलाच पाहिजे असं माझंही मत आहे: कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर तुम्ही काय कराल? 27 मार्च 1977 ला टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर, धुक्यात, केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने परवानगी नसताना विमान धावपट्टीवर सोडलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालंय का. कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं मेली. तो कॅप्टन इतका नावाजलेला होता की कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असे. 1979 साली नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेतून वरिष्ठाला टोकायचं शास्त्र पुढे आलं. त्याला सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणतात आणि आज ते झाल्याशिवाय कुणी कॉकपिटमध्ये बसत नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मनापासून द्या: आधी विचारेन, मग स्पष्ट सांगेन, तरीही ऐकलं नाही तर विमान हातात घेईन. पॅनेल खूश होईल. त्यांना कॅप्टनला टोकणारा माणूस हवाच असतो. ड्युटीच्या वेळापत्रकाला टोकणारा नको असतो, एवढं ध्यानात असू द्या.

तांत्रिक प्रश्नांत व्ही वन नक्की येणार. धावपट्टीवर धावताना या वेगाच्या आत असाल तर थांबता येतं. तो ओलांडल्यावर इंजिन बंद पडलं तरी उडायचंच, कारण थांबायला पुढे धावपट्टी उरलेली नसते. व्याख्या घोकायची गरज नाही. प्रशिक्षणाच्या कर्जाचा पहिला हप्ता गेला तो दिवस आठवा, आपोआप सांगता येईल.

'आमचीच कंपनी का?' या प्रश्नाचं खरं उत्तर 'तुम्हीच तेवढं बोलावलंत' हे असतं. ते गिळा. कंपनीच्या विमानांची संख्या, तिची मूल्यं आणि शेपटीवरच्या रंगाबद्दलचा जुना जिव्हाळा, या क्रमाने बोला. आदल्या आठवड्यात दुसऱ्या रंगाबद्दल हेच बोलला होता हे डोळ्यांत दिसू देऊ नका.

आणि सरतेशेवटी: 'पगाराबद्दल काय अपेक्षा?' इथे ताकाला जाऊन भांडं लपवायचं असतं. माझ्यासाठी उड्डाण हाच मोबदला, असं म्हणणारे महाभाग आहेत, आणि कंपन्या त्यांचं म्हणणं शब्दशः धरतात. काही ठिकाणी तर एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवायची पात्रता, स्वतःच्या खर्चाने मिळवायचं, वर काही वर्षं सोडून जाणार नाही असा बाँड लिहून द्यायचा. पदरमोड करून नोकरी करण्याचं भाग्य फार थोड्या व्यवसायांत आहे.

पगार कसा मोजतात ते आता नीट समजून घ्या, कारण नातेवाईक विचारतील. कित्येक कंपन्यांत विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पोहोचून चाकं थांबली की बंद. हवामान वाचणं, इंधन ठरवणं, पावसात विमानाभोवती फेरी मारणं, दार उघडं ठेवून दोन तास प्रवाशांची बोलणी खाणं, हे सगळं हौसेत जमा. बऱ्याच करारांत महिन्याला 70-75 तासांची हमी असते. नातेवाईक तुमच्या पगाराला त्या 75 ने भागतात आणि तोंडात बोटं घालतात. घराबाहेर काढलेले तास त्यांना सांगू नका, भागाकार बिघडतो. स्टँडबायचे, म्हणजे बोलावण्याची वाट बघत तयार बसायचे, दिवस तर सांगूच नका. अंघोळीला जाताना फोन सोबत नेणं हे कामात धरावं की नाही, यावर अजून एकमत नाही.

शिवाय दर विमानाच्या आकारावर ठरतो. छोट्या विमानाचा वैमानिक दिवसाला चार-पाच वेळा उतरतो, वादळात, आखूड धावपट्टीवर, आणि कमी कमावतो. मोठ्या विमानाचा वैमानिक रात्रभर सरळ रेषेत जातो, मधे झोपून घेतो आणि भरपूर कमावतो. त्याच्या वाट्याला लँडिंग इतकी कमी येतात की 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हा नियम पाळण्यासाठी कधीकधी त्याला सिम्युलेटरमध्ये जाऊन बसावं लागतं. विमान उतरवण्याचे पैसे मिळतात ही तुमची समजूत असेल तर ती इथेच उतरवून ठेवा.

चांगलं काम करणाऱ्याला चांगला पगार, हीसुद्धा. 15 जानेवारी 2009 ला अमेरिकेत कॅप्टन सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीवर उतरवलं, 155 च्या 155 माणसं वाचली. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकी काँग्रेससमोर साक्षीला बसले आणि म्हणाले की गेल्या काही वर्षांत माझा पगार 40 टक्क्यांनी कापला गेलाय आणि पेन्शन गेलीय. आपल्या मुलांनी या व्यवसायात यावं असं वाटणारा एकही वैमानिक मला माहीत नाही, असंही सांगितलं. सदस्यांनी त्यांचं भरभरून कौतुक केलं.

कारण पगार गुणांवर ठरत नाही, यादीवर ठरतो. रुजू झालात त्या दिवशी ज्येष्ठता यादीत तुमचा क्रमांक पडतो, आणि विमान, मार्ग, सुट्टी, कॅप्टनची खुर्ची, सगळं त्या क्रमांकाने मिळतं. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत कुठे वयाने क्रम लावतात, कुठे चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी टाकणाऱ्याशी गोड बोला, त्या दोन मिनिटांवर पुढची 30 वर्षं अवलंबून आहेत. कंपनी बदललीत तर पुन्हा तळाशी, अंगावर 20 हजार तास असले तरी. 1991 मध्ये ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम या दोन्ही अमेरिकी विमान कंपन्या बुडाल्या, तेव्हा जंबो जेटच्या कॅप्टन मंडळींचे क्रमांक एका दिवसात रद्दीत गेले.

तेव्हा आयुष्यभर एकच काम करायचं: पुढचे लोक कमी होण्याची वाट बघायची. कुणाची वैद्यकीय तपासणी हुकली, कुणी शेती करायला निघून गेला, की तुम्ही एक पायरी वर. आंतरराष्ट्रीय नियमाने वयाची मर्यादा 2006 पर्यंत 60 होती, मग ती 65 झाली. अमेरिकेने डिसेंबर 2007 मध्ये हाच बदल केला. त्या दिवशी 59 वर्षांच्या कॅप्टनला पाच वर्षं बक्षीस मिळाली, आणि त्याच्या खुर्चीवर नजर ठेवून बसलेला सहवैमानिक एका सहीने पाच वर्षं मागे गेला. वर्षभरात मंदीही आली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. त्याची चूक काय? जन्मतारीख, दुसरं काय.

तुमची मात्र बरोबर निघाली असं धरून चालू. कंपनी बुडाली नाही, हृदयाने दगा दिला नाही, सहा-सहा महिन्यांनी येणाऱ्या सिम्युलेटरच्या परीक्षा सुटल्या. एक दिवस तुम्ही यादीत पहिले. हवं ते विमान, हवा तो मार्ग, हवी ती सुट्टी. हे सुख काही आठवडे टिकतं, कारण तोवर तुमचा पासष्टावा वाढदिवस आलेला असतो. त्या दिवशी पहाटे फोनवर शुभेच्छांचा पहिला संदेश येईल, तो यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा. आपली जन्मतारीख याला कशी माहीत, असं नवल करत बसू नका. गेली 17 वर्षं ती त्याला पाठ आहे.